मार्था मावशी, नाही कसं म्हणायचं

मावशी,

तुमच्या लेकीने, ग्लोरियाताईंनी, मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं. ते तुम्हाला विचारून द्यायला हवं होतं, पण तुम्ही नव्हतात. तुम्हाला मातीत ठेवून आम्ही परत आलो त्याला अजून महिनाही झालेला नाही. जे झालं ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्याकडे कुणी गेलं की बायका रडतात, गेलेल्याशी बोलतात, त्याला शिव्याही घालतात, पण लिहीत कुणी नाही. लिहिता येणारी घरात मीच पहिली.

प्रश्न असा होता: "आईला माझ्याकडे यायचं होतं का? खरं सांग."

तुम्ही ऐकलं असतं तर हसला असता. म्हणाला असता, बघ, ऑस्ट्रेलियात असंच विचारतात, आधी हवापाण्याचं काही नाही, बस कशी होती नाही, सरळ प्रश्न.

मी तुमच्याकडे आले ती आईमुळे. आई वसईच्या बाजारात भाजी विकते आणि केळी, अळू, पडवळ तुमच्या सांडोरच्या वाडीतून उचलते. हे तुम्हाला माहीतच आहे, पण मला ते परत लिहून बघायचं आहे. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. वर्गात मुलं भराभर इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मला उत्तर येत असूनही माझं तोंड उघडायचं नाही. एका सकाळी टोपली भरता भरता आई तुम्हाला म्हणाली, "मार्थाबाय, तुमी विलायतेला रायल्यात. माज्या पोरीसंगं जरा विंग्रजी बोला. ती घरान वाघीन हाय, कालेजान मांजर."

तुम्ही म्हणालात, "पाठव की. मला तरी बोलायला कोण आहे?"

पहिल्या दिवशी तुम्ही ओट्यावर खुर्ची दिलीत आणि इंग्रजीत विचारलंत, चहा घेशील का. मी आपल्या पद्धतीने नको म्हटलं. तुम्ही मान डोलावलीत, आत गेलात, एकच कप घेऊन बाहेर आलात आणि माझ्यासमोर बसून पिऊ लागलात. मी घरून, जूचंद्रहून, रिक्षा आणि बस बदलत आले होते, घसा कोरडा पडला होता. मी तुमच्या कपाकडे बघत राहिले.

"बाय, आता तू ऑस्ट्रेलियात बसलेली आहेस," तुम्ही म्हणालात. "तिथे नको म्हणजे नको. कोणी परत विचारत नाही आणि त्यात अपमान नसतो. इंग्लंडमध्ये असतीस तर अजून एकदा विचारलं असतं, असं मान तिरकी करून. तेव्हा म्हणायचं, तुम्ही करतच असाल तर घेईन."

"आणि इथे?"

"इथे मी न विचारता कप हातात दिला असता आणि तू कुरकुरत प्यायली असतीस."

घरी येऊन आईला सांगितलं. तिने पहिलं विचारलं, "मंग चाय भेटली का नाय?" मी म्हटलं, शेवटी मिळाली. "शेवटाला? ती बाय लय वरसं भायेर रावून बिगरली." पण दुसऱ्या दिवशी तिनेच बाजारातल्या सगळ्या बायकांना ती गोष्ट हसत हसत सांगितली.

मग ते आपलं रोजचंच झालं. एक दिवस तुम्ही इंग्लंडची बाई व्हायचात, एक दिवस ऑस्ट्रेलियाची, आणि मी पाहुणी. इंग्लंडच्या दिवशी मला फाटकापाशी थांबावं लागायचं, आत आल्यावर बागेचं कौतुक करावं लागायचं, आणि निघताना "चला" म्हटल्यावरसुद्धा पुष्कळ वेळ उभ्याने बोलावं लागायचं. ऑस्ट्रेलियाच्या दिवशी तुम्ही उठायचाच नाहीत. पाय पसरून म्हणायचात, "काय गं दर्शना, आज केस कोंबडीने विंचरले का?" मी रागावले की सांगायचात की तिकडे चेष्टा करतात म्हणजे तुला आपलं मानलं. गोड गोड बोलायला लागले तर समजायचं की काहीतरी बिनसलंय.

हेही मी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे ते आमच्या आगऱ्यांसारके. उगाच बोटीन बसून तवऱ्या लांब गेले." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला.

तुमच्या इंग्लंडच्या गोष्टींतली खिडकीची गोष्ट मला सगळ्यांत आवडायची. नवरा गेल्यावर लहान ग्लोरियाताईंना तुम्ही तुमच्या आईजवळ ठेवलंत आणि आखातात एका इंग्रज कुटुंबाची मुलं सांभाळायला गेलात. ते कुटुंब मायदेशी परतलं तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्लंडला, आणि तिथे त्यांच्या म्हाताऱ्या आजीला सांभाळलंत. घरात सगळे तिला ग्रॅनी म्हणायचे, तुम्हीही तेच म्हणायला लागलात. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ग्रॅनी खुर्चीतून म्हणाली, आज जरा गारवा आहे, नाही का? तुम्ही म्हणालात, हो, आहे. आणि विणत बसलात. बऱ्याच वेळाने ग्रॅनी काठी टेकत स्वतः उठली, खिडकी लावली आणि वर तुम्हालाच सॉरी म्हणाली. "मला तेव्हा कळलं," तुम्ही सांगायचात, "की ती मला केव्हाची सांगत होती, खिडकी लाव म्हणून. त्या दिवसापासून मी तिचं बोलणं ऐकायचं सोडलं आणि तिच्याकडे बघायला लागले."

ऑस्ट्रेलियाच्या गोष्टी वेगळ्या. ग्लोरियाताई नर्स होऊन तिकडे गेल्या, स्थायिक झाल्या, आणि ग्रॅनी वारल्यावर तुम्ही त्यांच्याकडे बरेच महिने राहून आलात. विमानतळावर एका मुलीने तुमच्या पिशवीतली सुकेळी काढून घेतली. वसईची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, इतकी वर्षं सगळीकडे नेलेली. ती म्हणाली, दिसतात छान, मला खायलाही आवडली असती, पण ही टाकावी लागणार. तुम्ही म्हणायचात, तिचा मला राग आला नाही, कारण तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. बाहेर पडल्यावर टॅक्सी. ग्लोरियाताई घ्यायला येऊ शकल्या नव्हत्या, तुम्ही एकट्या, आणि मागे जाऊन बसलात. ड्रायव्हरने वळून विचारलं, माझ्यावर काही रागावलात का? तिकडे एकटं माणूस असलं की पुढे ड्रायव्हरशेजारी बसतं. मागे बसलं तर तुम्ही मोठ्या आणि तो नोकर असं होतं.

"आपल्याकडे रिक्षात पुढे बसतो तो चौथा," मी म्हटलं.

"हो, आणि पोलीस दिसला की त्यालाच आधी उतरवतात."

मग ताईंचा तो शेजारी. अनवाणी यायचा, दार न वाजवता, आणि तुम्हाला नुसतं मार्था म्हणायचा. तुमच्या लेकीच्या वयाचा माणूस. एकदा म्हणाला, मार्था, आज तुझं तोंड अगदी शिळ्या पावासारखं दिसतंय. तुम्ही त्याच्याशी बोलणं बंद केलंत. तरी पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो शिडी घेऊन आला, छपराच्या पन्हळीत साठलेली पानं काढली, कपडे वाळवायची तार घट्ट केली आणि तुम्ही आभार मानायला तोंड उघडायच्या आत निघूनही गेला. "त्याला माझं थँक्यू नको होतं," तुम्ही म्हणालात. "ग्रॅनी मला दिवसातून कितीदा थँक्यू म्हणायची. पण ग्रॅनीच्या घरात मी कधी फ्रिज न विचारता उघडला नाही."

तरीसुद्धा आपलं भांडण झालं की तुम्ही इंग्रजांची बाजू घ्यायचात आणि मी ऑस्ट्रेलियाची. मी दोन्ही देश पाहिलेले नाहीत. वसईच्या पलीकडे मी जास्त गेलेली नाही. पण मला वाटायचं, जे मनात आहे ते बोलणारी माणसं बरी. तुम्ही म्हणायचात, इंग्रज खोटं बोलत नाही, तो खऱ्यावर पांघरूण घालतो.

"पण पांघरुणाखाली काय आहे ते दुसऱ्याने कसं ओळखायचं?"

"माया असली की ओळखता येतं."

"आणि माया असूनही नाही ओळखता आलं तर?"

यावर तुम्ही उठून मांडवावरची तोंडली काढायला गेलात. मीही मागे गेले आणि आपण दोघींनी टोपली भरली.

हे भांडण खरं कशावरून होतं ते मला रविवारी कळायचं. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून तुम्ही घरी यायचात आणि ग्लोरियाताईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यांच्याकडे दुपार झालेली असायची. फोन कपाटाला टेकवून द्यायला मी असायचे, मग बाजूला वेताच्या मोड्यावर बसायचे. ताई दर वेळी विचारायच्या, "आई, मग येतेस ना? कायमची?" आणि तुम्ही म्हणायचात, "बघू या. पावसाळा जाऊ दे." पावसाळा गेला की नाताळ होऊ दे. नाताळ झाला की केळीचे घड उतरू दे. एकदा ताईंनी फोन फिरवून खोली दाखवली. खिडकीला पिवळे पडदे, पलंगाशेजारी दिवा, भिंतीवर क्रूस लावायला ठोकलेला खिळा. "क्रूस तू तुझा घेऊन ये," त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "छान आहे गं. खूप छान." आणि फोन बंद झाल्यावर जेवला नाहीत.

त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, मावशी, तुम्हाला जायचं नाही, तर सांगून टाका. त्यांना वाटतंय तुम्ही येणार. त्यांनी खिळासुद्धा ठोकला.

"तू बोलतेस तुझ्या आईला असं सरळ?"

"रोज बोलते. रोज भांडतो आम्ही."

"भांडता आणि रात्री एका घरात जेवता," तुम्ही म्हणालात. "तिने ताट आपटलं तरी तू खातेस. मी ग्लोरियाला नाही म्हटलं आणि तिने फोन ठेवला, तर मी काय करू? मी तिला ताट वाढू शकते का इथून?"

मग तुम्ही बावखलाच्या काठी बसलात. तुमच्या वाडीतल्या त्या तळ्याचं पाणी तेव्हा हिरवं होऊन खाली गेलं होतं. तुम्ही पाण्याकडे बघत बोललात, माझ्याकडे नाही.

"मी आखातात निघाले ना, तेव्हा ग्लोरिया दारात उभी होती. रडली नाही. म्हणाली, आई, जाऊ नको. एवढंच. इतकं सरळ मला आयुष्यात कोणी काही सांगितलं नाही. आणि मी गेले. आता ती म्हणते ये. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मावशी, तुम्ही हे मला सांगितलंत त्या दिवशी मला वाटलं होतं की आता काहीतरी शहाणपणाचं बोलावं. पण माझ्याजवळ ते नव्हतं. मी फक्त म्हटलं, पुढच्या रविवारी मी तुमच्या शेजारी बसते, तुम्ही सांगा. हात धरते हवं तर. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बघू या." तेव्हा मला कळलं की हे माझ्यासाठीसुद्धा 'नाही' आहे. तोवर मला ते ओळखता यायला लागलं होतं. तुमच्या शिकवणीत मला जे खरं आलं ते एवढंच.

पुढचा रविवार आलाच नाही. तुम्ही कशा गेलात त्याबद्दल मला लिहायचं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे.

ग्लोरियाताई आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, तुमच्या चुलतजावा आणि इतर बायकांच्या हाताखाली. मी त्यांना फक्त फोनच्या चौकटीत पाहिलं होतं. त्या आत आल्या, मला ओळखलं, घट्ट मिठी मारली आणि म्हणाल्या, "दर्शना. मला ग्लोरियाच म्हण." मला ते जमलं नाही. मी ताईच म्हणत राहिले.

तुमच्या मोठ्या जाऊबाईंनी त्यांना पेज दिली. ताई म्हणाल्या, नको.

"असं कसं नको? लांबून आलीस. दोन घोट घे."

"नको म्हणजे नको, काकी. मला भूक नाही. मला झोप पाहिजे." आणि त्या तुमच्या खोलीत जाऊन दार लावून झोपल्या.

बायकांना ते लागलं. कोणीतरी म्हणालं, बाहेर राहून माणूस कोरडं होतं. पण दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी ओट्यावर आले तर भेटायला आलेल्या माणसांच्या चपला तापल्या होत्या आणि ताई एक एक जोड उचलून सावलीत मांडत होत्या. कुणाला दाखवायला नाही. मला तो शिडीवाला शेजारी आठवला. मला वाटलं, तुम्ही आत्ता इथे असता तर मला कोपराने ढोसलं असतं.

तुमचा शेवटचा मिस्सा झाला, माणसं पांगली, आणि त्यानंतर एका दुपारी इंग्लंडहून फोन आला. ग्रॅनीचा मोठा नातू, तुम्ही लहानपणी न्हाऊमाखू घातलेला. ताईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तो म्हणाला, बातमी कळली, फार वाईट झालं. मग म्हणाला, तुमच्याकडे आता खूप उकडत असेल. ताई म्हणाल्या, हो. त्याने विचारलं, यंदा वाऱ्याने केळी पडली तर नाहीत ना, मार्था नेहमी केळींचं सांगायची. ताई म्हणाल्या, नाही पडली. मग तो बराच वेळ काही बोललाच नाही. फोन कट झाला असं वाटलं. शेवटी म्हणाला, बरं, तुमचा जास्त वेळ घेत नाही, आणि ठेवला.

ताई भडकल्या. "माझी आई माझ्याजवळ नव्हती, ती यांच्या घरात होती. त्याच्या आजीचं मरेपर्यंत हिने केलं. आणि हा मला हवा विचारतो? केळी विचारतो?"

मी खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मला तुमची ग्रॅनी आठवली, आणि मी म्हटलं, "ताई, तो रडत होता."

"काय?"

"तो मधे गप्प झाला ना, तेव्हा. मावशी सांगायच्या, त्या लोकांना फार दुःख झालं की ते हवेचं बोलतात. ग्रॅनीचा मुलगा वारला तेव्हा ग्रॅनी आठवडाभर फक्त गुलाबांच्या कलमांचं बोलत होती. मावशी म्हणायच्या, त्यांचं ऐकायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. फोनवर बघता येत नाही, म्हणून गप्प राहिलेलं ऐकायचं."

ताई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आई पण त्यांच्याकडेच बोलायला शिकली," त्या हळू म्हणाल्या. "मग आईचं 'बघू या' काय होतं?"

मी म्हटलं, चहा टाकू का. त्या म्हणाल्या, चहा नको. आणि तो प्रश्न विचारला. आईला माझ्याकडे यायचं होतं का, खरं सांग.

मी म्हटलं, उद्या येते ताई, उशीर झाला. उशीर झाला नव्हता. ऊन अजून अंगणात होतं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, हो म्हणून सांगितलं तर काय बिघडतं? मावशी आता सांगायला येणार आहेत का? ताई निदान समाधानाने परत जातील, की आई येणारच होती.

आई जुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "मंग ती जलमभर म्हनंल, माजी आई येनार व्हती आन् मीच लवकर नेली नाय. खोलीन जाऊन रडंल. तुला त्या बाईला असं रडवाचं हाय?"

मी हा विचार केला नव्हता.

"आन् खरं सांगाचं त मऊ करून सांग," आई म्हणाली. मला जरा आश्चर्य वाटलं. आईच्या तोंडून मऊ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. बहुतेक टोपली भरता भरता तुमच्याकडून ती थोडं शिकली असावी, आणि मला कळलं नव्हतं.

मावशी, ते मला मऊ करून सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ताई तुमच्या पलंगावर बसून तुमच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. मी बसमध्ये खूप वाक्यं जुळवली होती. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नाही, ताई. त्यांना यायचं नव्हतं."

त्यांनी घडी पुरी केली. म्हणाल्या, "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही फोन ठेवाल म्हणून."

"ठेवला असता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी मीच केला असता फोन. तिला एवढंही माहीत नव्हतं?"

मला वाटतं तुम्हाला ते खरंच माहीत नव्हतं. तुम्ही त्यांच्याजवळ असताना त्या फार लहान होत्या आणि त्या मोठ्या झाल्या तेव्हा तुम्ही ग्रॅनीची खिडकी लावत होतात. त्या रागावल्यावर कशा होतात, किती दिवस, आणि मग काय करतात, हे तुम्हाला कधी बघायला मिळालंच नाही. हे मी तिथे बोलले नाही. आत्ता इथे लिहिते आहे.

मग मी ती दुसरी गोष्टही सांगितली. तुम्ही मला ती सांगू नको असं म्हटलं नव्हतं, पण सांग असंही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, ताई, तुम्ही लहानपणी दारात उभ्या राहून म्हणाला होतात, आई, जाऊ नको. आणि त्या गेल्या. म्हणून त्यांना तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर अगदी तुमच्यासारखी आठी पडली.

"मी असं म्हटलं होतं?"

"हो."

"मला नाही आठवत," त्या म्हणाल्या. "मला फक्त बॅग आठवते. निळी. आणि आजीने मला सुका बोंबील भाजून दिला होता तो. मी असं काही बोललेलं मला आठवतच नाही, दर्शना."

मावशी, त्या वेळी मला तुमचा फार राग आला. तुम्ही नव्हतात म्हणून आला की असतात तरी आला असता, माहीत नाही. एवढी वर्षं तुम्ही ते एक वाक्य आखातात नेलंत, इंग्लंडला नेलंत, परत सांडोरला आणलंत, आणि ज्यांनी ते म्हटलं त्यांच्याजवळ ते नव्हतंच. एका रविवारी तुम्ही नुसतं विचारलं असतं, तर त्यांनी असंच कपाळाला आठी घालून सांगितलं असतं. नंतर घरी येताना राग गेला. मला वाटलं, विचारायला तरी कसं जमलं असतं. मला माझ्या आईला विचारायच्या अशा कितीतरी गोष्टी आहेत. आमच्या रोजच्या भांडणात त्या कधी येत नाहीत. तेव्हा मी जे म्हणायचे, की आम्ही सरळ बोलतो, तेही अर्धंच खरं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

ताई बराच वेळ रडल्या. मी शेजारी बसले. हात धरावा की नाही कळत नव्हतं, मग धरला. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "तिला माझ्याकडचं काय आवडायचं नाही? सगळं सांग."

मी म्हटलं, आता कशाला ताई.

"नाही, सांग. मला ती नेहमी छान आहे, छान आहे म्हणायची. मला तिची एक तरी तक्रार ऐकायची आहे."

तेव्हा मी सांगितलं. सांगितलं की ताई, तुमच्याकडे खिडक्या दिवसभर बंद असतात आणि मावशींचा जीव कोंडायचा. मासळीला वास नसतो म्हणून त्यांना ती मासळीच वाटायची नाही. चर्च सुटलं की सगळे गाड्यांकडे जातात, कोणी पायरीवर उभं राहून कोणाची चौकशी करत नाही. ताई हे ऐकून हसायला लागल्या. मी सांगितलं की तुमच्या भातात मिठाचा पत्ता नसायचा. त्या म्हणाल्या, ते खरं आहे. मी सांगितलं की सगळ्यांत जास्त त्यांना कशाचा कंटाळा आला असेल तर तुम्ही त्यांना म्हणायचात त्या शब्दाचा, 'आई, तू बस'. जन्मभर काम केलेल्या बाईला सकाळी उठल्यापासून बस, बस. त्या म्हणायच्या, ग्लोरियाला वाटतं मी थकले, मी बसूनच थकले.

हे सांगितलं आणि मला वाटलं जास्त झालं. मी थांबले. पलंगावर तुमच्या साड्या अर्ध्या घडी घातलेल्या, अर्ध्या तशाच. बाहेर वाडीत तुमच्या जाऊबाई कुणाला तरी पाणी सोडायला सांगत होत्या.

मावशी, तुम्ही ज्याला इतकं घाबरत होतात ते झालं. मी त्यांच्या तोंडावर सगळं सांगितलं. त्या उठून गेल्या नाहीत. दार लावलं नाही. तुमची एक साडी मांडीवर घेतली, पाय वर घेऊन नीट बसल्या आणि म्हणाल्या, "अजून सांग."